घर गरम करायला बोअरचं पाणी: उपसा किती यापेक्षा ते परत कुठे जातं हे पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या बाहेर दोन एकर जागेवर घर घेतलंय, स्वतःची बोअर आहे, आणि प्रोपेनचं बिल जड जातंय म्हणून जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा हीट पंप बसवायचाय. कंत्राटदार म्हणतो, बोअर आहेच, तिचं पाणी हीट पंपातून फिरवू आणि मागच्या तळ्यात सोडून देऊ. खर्च निम्म्यावर येईल आणि पाणी खराबही होणार नाही. तुम्ही मूळचे लातूरचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी तुमच्या घरच्यांनी भरलंय, त्यामुळे चांगलं पाणी असं वाहून जाऊ देणं जिवावर येतं. दुसरीकडे इंधन कमी जाळणं हेही हवंच. तर झुकतं माप कशाला द्यायचं?

हीट पंप जरूर बसवा, तळ्यात पाणी सोडू नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. हीट पंपाला पाणी नको असतं, पाण्यातली उष्णता हवी असते. ती काढून घेतल्यावर पाणी तसंच उरतं, फक्त चार अंशांनी थंड. ते जिथून आलं तिथं परत पाठवायचं की फेकून द्यायचं हा माणसाचा निर्णय आहे, आणि फेकणं स्वस्त पडतं म्हणून तो बहुतेक वेळा चुकीचा घेतला जातो. मी भूजल सर्वेक्षणातून या धंद्यात आलो. आजवर जे वाद पाहिले, त्यांतले बरेचसे उष्णता काढल्यानंतर उरलेल्या पाण्यावरून झालेले आहेत.

आधी हिशेब करू, कारण ‘थोडंसंच पाणी लागतं’ हे वाक्य कंत्राटदारांच्या तोंडी नेहमी असतं. तुमच्या घराला कडाक्याच्या थंडीत १४ किलोवॅट उष्णता लागते असं धरा. त्यातले ४ किलोवॅट विजेतून येतील आणि १० पाण्यातून. तुमच्या भागातलं भूजल वर्षभर ८ ते १० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे त्यातून ४ अंशांपेक्षा जास्त ओढायला गेलात तर यंत्रात बर्फ धरायची भीती. एक लिटर पाणी एक अंशानं थंड करताना ४.१८ किलोज्यूल मिळतात. म्हणजे १० किलोवॅटसाठी सेकंदाला ०.६ लिटर पाणी लागेल. मिनिटाला ३६ लिटर. पंप पूर्ण दिवस चालला तर ५१,००० लिटरच्या वर. तिकडच्या हिवाळ्यात पूर्ण क्षमतेचे २,२०० तास धरले, तर वर्षाला सुमारे ४७ लाख लिटर.

४७ लाख लिटर म्हणजे १०,००० लिटरचे ४७० टँकर. भारतात शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबानं चार माणसांचं कुटुंब वर्षभरात दोन लाख लिटरही वापरत नाही. एका घराच्या उबेसाठी तेवीस-चोवीस घरांचं पाणी तळ्यात जाईल.

यावर कंत्राटदार म्हणेल, वीजनिर्मितीतही पाणी जातंच की, हीट पंपानं वीज वाचते म्हणजे तिकडचं पाणी वाचतं. हा मुद्दा मोठमोठ्या सादरीकरणांतही दिसतो, म्हणून आकड्यांत तपासू. तुमच्या घराला वर्षाला साधारण ३१,००० युनिट उष्णता लागते. ती सगळी साध्या विजेच्या हीटरनं दिली असती तर त्या तुलनेत हीट पंप २२,००० युनिट वाचवतो. कूलिंग टॉवर असलेल्या औष्णिक केंद्रात एका युनिटमागे ढोबळमानानं दोन लिटर पाणी वाफ होऊन जातं. म्हणजे वाचले ४४,००० लिटर. तळ्यात सोडले ४७ लाख. शंभरपटीचा फरक आहे. शिवाय तुम्ही बंद करताय ते प्रोपेन, विजेचा हीटर नव्हे, त्यामुळे ही ४४,००० लिटरची बचतसुद्धा तुमच्या बाबतीत कागदावरचीच.

त्याचा दुसरा युक्तिवाद जरा जास्त दमदार आहे: तळ्यातलं पाणी जमिनीतच मुरतं, म्हणजे परतच गेलं ना? हे कधी खरं असतं आणि कधी नसतं. तुमची बोअर नदीकाठच्या उथळ वाळू-खडीच्या थरातली असेल आणि तळंही त्याच थरावर असेल, तर बऱ्याच अंशी खरं. पण ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या परिसरातल्या अनेक बोअर खालच्या प्रेअरी डू शीन आणि जॉर्डन या खडकांपर्यंत गेलेल्या असतात. त्यावर हिमनद्यांनी आणून टाकलेल्या चिकणमातीचे थर जिथे आहेत, तिथे तळ्यातलं पाणी खाली पोचायला फार काळ लागतो. मधल्या काळात ते ओढ्यातून मिसिसिपीत निघून जातं. त्याहून खोल माउंट सायमन-हिंकली या जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात, तर हजारो वर्षांपूर्वीचं पाणी आहे. महानगर परिसरात त्याचे नवे परवाने पिण्याच्या पाण्याशिवाय मिळत नाहीत, तेही दुसरा पर्याय नसेल तरच.

मिनेसोटाला ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ म्हणतात, म्हणून तिथे पाण्याची कसली चिंता असं वाटतं. सेंट पॉलच्या ईशान्येचं व्हाइट बेअर लेक बघा. २०१३ च्या सुरुवातीला ते इतकं आटलं होतं की लोकांचे धक्के कोरड्या वाळूवर उभे होते. आसपासच्या गावांचा खोल बोअरमधला उपसा आणि तळ्याची पातळी यांचा संबंध अभ्यासांतून पुढे आला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१७ साली न्यायाधीशांनी परवाने देणाऱ्या राज्याच्या विभागावर ठपका ठेवला. तिथे हीट पंपाचा संबंध नव्हता. पण खालचा जलधर आणि वरचं तळं एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हे अंगणात उभं राहून ठरवता येत नाही, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

राज्यालाही हे कळलेलं होतं. पाणी उपसायचं, एकदा यंत्रातून फिरवायचं आणि सोडून द्यायचं, अशा पद्धतीच्या मोठ्या यंत्रणा मिनेसोटानं १९९० च्या आसपास कायदा करून बंद करायला घेतल्या. वर्षाला ५० लाख गॅलनच्या वरच्या अशा यंत्रणांना २०१० च्या अखेरची मुदत होती. तुमचं घर त्या मर्यादेत येत नाही. मात्र रोज १०,००० किंवा वर्षाला १० लाख गॅलनच्या वर उपसा गेला की नैसर्गिक संसाधन विभागाचा परवाना लागतो, आणि ४७ लाख लिटर म्हणजे साडेबारा लाख गॅलन होतात. घरगुती पाण्याला यात सूट असते. हीट पंपाचं पाणी ‘घरगुती’ धरतात का, हे कंत्राटदाराला नका विचारू. विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

आता ज्या गावानं हा प्रश्न पूर्ण भोगला आणि सोडवला, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. ओरेगॉनमधलं क्लॅमथ फॉल्स. गावाखालीच गरम पाणी आहे, आणि घरं, शाळा, चर्च यांना ऊब देणाऱ्या पाचशेच्या वर विहिरी तिथे आहेत. ओरेगॉन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं १९६४ साली आपला परिसर मुद्दाम गरम पाणी लागेल अशा जागी हलवला. तिथल्या बहुतेक घरगुती विहिरींतून पाणी वर काढतच नाहीत. विहिरीत यू आकाराची नळी सोडतात, त्या नळीत गावच्या नळाचं थोडं पाणी सतत फिरत राहतं, ते खाली तापतं आणि वर येऊन घर गरम करतं. विहिरीच्या केसिंगला, म्हणजे आत बसवलेल्या पाइपाला, वर आणि खाली भोकं पाडलेली असतात, त्यामुळे आतलं गरम पाणी आपोआप वर-खाली फिरतं आणि नळीला नवी उष्णता मिळत राहते. १९३० च्या दशकापासून ही युक्ती तिथे चालत आली आहे. पाण्याचा उपसा शून्य.

मग भांडण कशाचं? काही मोठे ग्राहक पाणी उपसून वापरत आणि गटारात किंवा तळ्याकडे सोडून देत. विहिरींची पातळी वर्षागणिक उतरू लागली. त्यात नगरपालिकेनं १९८१ मध्ये गावासाठी सामाईक उष्णता योजना बांधली, तेव्हा आपल्या विहिरी थंड पडतील या भीतीनं विहीरमालक उठले. बांधून तयार असलेली योजना काही वर्षं अडकून राहिली. १९८३ साली शास्त्रज्ञांनी तिथे मोठी उपसा-चाचणी केली: आधी नुसतं पाणी उपसलं, मग तेच पाणी दुसऱ्या विहिरीतून जमिनीत परत सोडत उपसलं, आणि गावभरच्या विहिरींची पातळी मोजत राहिले. परत सोडणं सुरू होताच उतरलेली पातळी वर यायला लागली. वाद मिटवायला ते मोजमाप कोणत्याही भाषणापेक्षा कामी आलं. १९८५ मध्ये नगरपालिकेनं नियम केला की १९९० पर्यंत प्रत्येकानं एकतर पाणी परत सोडावं किंवा विहिरीतच नळी टाकून उष्णता घ्यावी. त्यानंतर पातळीची घसरण थांबली.

मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी गरम पाण्याच्या वापरावर बंदी घातली नाही. बंदी घातली ती फेकण्यावर.

न्यूझीलंडच्या रोटोरुआत इतक्या सहज भागलं नाही. गावातल्या घरांनी आणि मोटेलांनी ऊब आणि अंघोळीसाठी इतक्या बोअर मारल्या की फाकारेवारेवा इथले उसळते झरे मंदावले. वापरलेलं पाणी बऱ्याच ठिकाणी उथळ शोषखड्ड्यांत सोडत, म्हणजे खोल थरातून काढायचं आणि वरच्या थरात टाकायचं. तुमची बोअर खोल खडकातली असेल, तर तळ्याच्या योजनेत नेमकं हेच होणार आहे. १९८६ पासून सरकारनं पोहुतू झऱ्याभोवती दीड किलोमीटरच्या आतल्या सगळ्या बोअर बंद करायला लावल्या आणि उरलेल्यांवर शुल्क बसवलं. पातळी वर आली, काही झरे परत जोर धरू लागले. १९७९ पासून गप्प असलेला पापाकुरा झरा २०१५ मध्ये पुन्हा उसळला. एवढं होऊनही ३६ वर्षं गेली.

आयडाहोतलं बॉइसी १८९२ पासून गरम पाण्यावर घरं तापवतं. १९८३ मध्ये शहराची नवी योजना आली, ती वापरलेलं पाणी नदीत सोडायची, आणि पातळी घसरू लागली. १९९९ मध्ये पाणी परत सोडण्याची विहीर चालू झाल्यावर ती सावरली. पॅरिसभोवतीच्या योजना तर १९६९ पासून दीड-दोन किलोमीटर खोलचं पाणी काढतात आणि दुसऱ्या विहिरीनं तिथेच परत पाठवतात. ते पाणी खारट, सेन नदीत सोडताच आलं नसतं. पर्याय नव्हता म्हणून शिस्त लागली, असं मी म्हणेन.

आता तुमच्या घराकडे वळू. तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे बंद नळीचा, ज्याला धंद्यात क्लोज्ड लूप म्हणतात. जमिनीत प्लास्टिकची नळी पुरायची आणि तिच्यात पाणी व प्रॉपिलीन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) यांचं मिश्रण फिरवायचं. भूजलाला हात लागत नाही. १४ किलोवॅटच्या घराला उभ्या बोअर घेतल्या तर एकूण १८० ते २४० मीटर खोली लागेल, म्हणजे ६० मीटरच्या तीन-चार बोअर. तुमच्याकडे दोन एकर आहेत, तर आडवे चर खोदणं आणखी स्वस्त पडेल. फक्त ते गोठणाऱ्या थराच्या खाली, दोन मीटरच्या आसपास हवेत, आणि सेप्टिक टँकच्या पाझर-क्षेत्रापासून लांब.

बंद नळी म्हणजे पाण्याचा प्रश्नच मिटला असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. नळी पाणी घेत नाही, पण तिच्यासाठी पाडलेलं भोक वेगवेगळ्या जलधरांना एकमेकांशी जोडू शकतं. जर्मनीतल्या श्टाउफेन गावात २००७ मध्ये नगरभवन गरम करायला १४० मीटरच्या बोअर घेतल्या. दाबाखालचं भूजल त्या भोकांतून अॅनहायड्राइट या खनिजाच्या थरात शिरलं, त्याचं जिप्सम होऊन तो फुगला, आणि जुनं गाव हळूहळू वर उचललं जाऊ लागलं. अडीचशेच्या वर इमारतींना तडे गेले. तुमच्याकडे तो खडक नाही, पण नळीभोवतीची पोकळी तळापासून वरपर्यंत बेंटोनाइटच्या ग्राउटनं, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीच्या लगद्यानं, दाबून भरली पाहिजे. वरून बादलीनं ओततात तशी नव्हे, खालून पंपानं. हे काम चालू असताना तिथे उभं राहा.

दुसरा रस्ता म्हणजे उपसायचं आणि दुसऱ्या बोअरमधून त्याच जलधरात परत सोडायचं. म्युनिकमध्ये खडीच्या उथळ थरातलं पाणी असंच वापरतात, आणि परत सोडण्याची अट परवान्यातच असते. इथे खरी परीक्षा परतीच्या बोअरची होते. बोअर जेवढं पाणी देते तेवढं घेत नाही. मी नेहमी निम्मं ते दोन-तृतीयांश धरून आखणी करतो. म्हणून चाचणी पाणी देण्याची नव्हे, घेण्याची करून मागा. लोह आणि मँगनीज तपासून घ्या. अशा पाण्याला हवा लागली की तांबूस गाळ बनतो आणि परतीच्या बोअरची जाळी बुजते. परतीची नळी पाण्याच्या पातळीखाली बुडालेली हवी, वरून धबधब्यासारखी पडणारी नको. दोन्ही बोअर फार जवळ असतील तर थंड केलेलं पाणी घुमून परत उपशात येतं, आणि ऐन जानेवारीत यंत्राची ताकद घटते. मिनेसोटात परत सोडण्यासाठी आरोग्य खात्याची परवानगी लागते आणि पाणी त्याच जलधरात जावं लागतं. माझ्या मते एका घरासाठी हा व्याप परवडत नाही. शाळा, दवाखाना, मोठी वसाहत असेल तर हाच रस्ता अनेकदा सर्वांत चांगला.

नेदरलँड्समध्ये याच्या पुढे जाऊन उन्हाळ्याची उष्णता जलधरात साठवतात आणि हिवाळ्यात काढतात. आइंडहोव्हनच्या तंत्र विद्यापीठाची अशी मोठी यंत्रणा आहे. उष्णता घालणं आणि काढणं यांचा ताळेबंद राखावा लागतो. पण ते सपाट वाळूच्या देशाचं काम आहे, त्याबद्दल इथे एवढंच.

तिसरा रस्ता कंत्राटदाराचा. तो निम्म्या खर्चात होतो म्हणतो, तर त्यात पंपाचं बिल धरलंय का विचारा. पाण्याची पातळी ६० मीटर खाली असेल, तर सेकंदाला ०.६ लिटर वर आणायला साधारण ७०० वॅट लागतात. हीट पंप ४ किलोवॅट खाऊन १४ देतो, म्हणून साडेतीनपट म्हणायचं. पंप धरला की तो तीनच्या खाली येतो. घरातल्या प्रेशर टाकीच्या दाबाला पाणी चढवून तेच हीट पंपातून सोडणार असाल, तर आणखी खाली. हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

तुम्ही शेवटी सहज विचारलंय की महाराष्ट्रात असं काही होऊ शकतं का. मराठवाड्यात घरं तापवायची गरज नाही, गार करायची आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि कुजलेल्या थरांत असतं. घनफळाच्या एक ते तीन टक्केच पाणी हाती लागतं, तेही उन्हाळ्यात तळाशी गेलेलं. तिथे वातानुकूलनासाठी बोअर उपसायची कल्पना कुणी मांडली तर सरळ विरोध करा. बंद नळी घालता येईल, पण आपल्याकडे उष्णता परत काढून घेणारा हिवाळा नाही, त्यामुळे ती जमिनीत साठत जाते आणि काही वर्षांत यंत्र कुंथायला लागतं. कोकणातले वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, राजवाडी, तुरळ इथले गरम झरे ही वेगळी गोष्ट. तिथलं पाणी वाळवणासाठी, मासळी किंवा काजू-प्रक्रियेसाठी वापरण्याच्या कल्पना अधूनमधून निघतात. वाहून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत उष्णता काढणारी नळी टाकायला माझी हरकत नाही. झऱ्याशेजारी बोअर मारायला आहे, आणि त्याचं कारण वर रोटोरुआच्या निमित्तानं आलंच आहे.

तुमच्यासाठी माझा सल्ला आडव्या चरांच्या बंद नळीचा. मिनेसोटाच्या सार्वजनिक नोंदींत तुमच्या बोअरचा थरांचा तपशील सापडेल. तो काढून कंत्राटदारापुढे ठेवा आणि आधी बंद नळीचा दर मागा. सगळी क्षमता एकट्या हीट पंपावर टाकू नका. वर्षातले उणे ३० अंशांचे मोजके दिवस धरून यंत्रणा मोठी केली की चर वाढतात, खर्च वाढतो आणि बाकीचा हिवाळा यंत्र अर्धवट चालतं. कमाल गरजेच्या ७५-८० टक्क्यांची यंत्रणा घेतली तरी वर्षभरातली बहुतेक सगळी उष्णता तीच देते. प्रोपेनची टाकी त्या उरलेल्या दिवसांसाठी राहू द्या. आणि चर ऑक्टोबर संपायच्या आत खोदून घ्या. जमीन गोठल्यावर तेच काम दुप्पट दरानं करावं लागेल.